रॅमची गती व टायमिंग : तपासणी आणि जुळवणी

डेस्कटॉप संगणकात बसवलेली रॅम प्रत्यक्षात किती वेगाने चालते हे पाहणे आणि ती तिच्या कुवतीइतकी, पण बिनचूक चालेल अशी मांडणी बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना चालणाऱ्या बोर्डाच्या मूळ प्रणालीत, करणे. ठाणे-नवी मुंबईतल्या असेंबल पीसीच्या दुकानांत याला नुसते ‘एक्सएमपी (स्टिकमध्ये कारखान्याने लिहिलेली वेगवान मांडणी) ऑन करणे’ म्हणतात. तो या कामाचा फक्त पहिला टप्पा आहे. कामाची गरज पडते ती खोक्यावर छापलेला वेग आणि नव्या संगणकाचा सुरुवातीचा वेग सहसा एक नसल्यामुळे. ३२०० छापलेली डीडीआर४ (डीडीआर रॅमची चौथी पिढी) स्टिक पहिल्यांदा चालू केल्यावर अनेकदा २१३३, २४०० किंवा २६६६ वरच उभी राहते. वर्षानुवर्षे ती तशीच चालते आणि मालकाला पत्ताही नसतो.

एकक. डीडीआर रॅम घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला, चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर, माहिती पाठवते. त्यामुळे डीडीआर४-३२०० चे घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचे असते आणि सेकंदाला ३२०० दशलक्ष हस्तांतरणे होतात. व्यवहारात ‘३२०० मेगाहर्ट्झ’ रूढ आहे. ‘मेगाट्रान्सफर’ हे एकक अधिक बरोबर असून या नोंदीत तेच अभिप्रेत आहे. सीपीयू-झेड या संगणकाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या ‘मेमरी’ पानावर १५९७ किंवा १६०० दिसले की ‘रॅम निम्म्यानेच चालते’ म्हणून गिऱ्हाईक दुकानात परत येते. तो आकडा घड्याळाचा असतो, त्याची दुप्पट करायची. तिथे १०६६ दिसले तर मात्र तक्रार खरी आहे.

उगम. गतिक स्मरणक, म्हणजे संगणकातल्या या रॅममागचे डीरॅम, कोणी शोधले याविषयी एकमत नाही. बहुतेक संदर्भग्रंथ आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना श्रेय देतात. एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र (कपॅसिटर) यांचा कोश (एक बिट साठवणारा घटक) त्यांना १९६६ मध्ये सुचला व १९६८ मध्ये त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. तोशिबाच्या टॉस्कल बीसी-१४११ या गणनयंत्रात साधारण १९६५ पासूनच धारित्रांवर आधारलेली स्मृती होती, असे दुसरा पक्ष दाखवतो. त्याही मागे जायचे तर १९३९–४२ च्या सुमारास आयोवात घडलेल्या अ‍ॅटानासॉफ-बेरी संगणकात फिरते ढोल होते. प्रत्येकावर १६०० धारित्रे होती आणि दर फेरीला त्यांचा भार पुन्हा भरला जाई. भार गळतो म्हणून तो पुनःपुन्हा भरायचा, ही कल्पना तिथे स्पष्ट दिसते. तिला डीरॅमची पूर्वज मानावे, पण आजच्या कोशाचे श्रेय डेनार्ड यांना द्यावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. १९७० ची इंटेल ११०३ ही बाजारात यशस्वी झालेली पहिली डीरॅम चिप होती, तरी तिच्या कोशात तीन ट्रान्झिस्टर होते.

टायमिंगच्या, म्हणजे रॅम कोणत्या कामाला किती ठोके घेते ते सांगणाऱ्या, आकड्यांचा उगम मात्र वेगळा आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष जाते. मॉस्टेकच्या एमके४०९६ (१९७३) या चिपमध्ये रॉबर्ट प्रोब्स्टिंग यांनी एकाच पिनांवरून आधी ओळीचा व मग स्तंभाचा पत्ता पाठवण्याची रीत आणली. पिना २२ वरून १६ वर आल्या. ‘आधी ओळ, मग स्तंभ’ हा क्रम तेव्हापासून टिकून आहे, आणि सीएल, टीआरसीडी, टीआरपी, टीआरएएस ही चारही नावे त्याच क्रमातून आली आहेत.

अर्थ. १६-१८-१८-३८ यांतला पहिला आकडा, सीएल, म्हणजे उघड्या ओळीतल्या स्तंभाची मागणी केल्यापासून माहिती येईपर्यंतचे ठोके. दुसरा, टीआरसीडी, ओळ उघडून स्तंभ मागेपर्यंतचा, तिसरा, टीआरपी, जुनी ओळ बंद करून नवी उघडेपर्यंतचा, आणि चौथा, टीआरएएस, ओळ उघडी ठेवण्याचा किमान काळ. चौथ्याबद्दल जुन्या मार्गदर्शिकांत टीआरसीडी अधिक सीएल, काहींत त्यावर आणखी दोन, अशी सूत्रे आढळतात. मानकात असे सूत्र नाही, किमान काळ दिलेला आहे. वाचनापुरती त्याची खालची मर्यादा टीआरसीडी अधिक टीआरटीपी (वाचनाच्या मागणीपासून ओळ बंद करेपर्यंतचा काळ) मानणे अधिक बरोबर.

हे सगळे आकडे ठोक्यांत आहेत, वेळेत नाहीत. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की नॅनोसेकंद मिळतात. डीडीआर४-३२०० सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद, सीएल२२ म्हणजे १३.७५. डीडीआर५-६००० सीएल३० पुन्हा १०, आणि पहिल्या पिढीच्या डीडीआर-४०० सीएल२ चेही १०. २००० सालच्या डीडीआर मानकापासून २०२० च्या डीडीआर५ पर्यंत वहनक्षमता कित्येक पटींनी वाढली, पण पहिल्या शब्दाची वाट पाहण्याचा हा काळ फारसा हललेला नाही. म्हणून ‘सीएल ३० म्हणजे १६ पेक्षा हळू’ हे विधान चूक आहे.

तपासणी. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये वेग दिसतो, सीपीयू-झेडमध्ये टायमिंगही दिसतात. त्यातल्या ‘एसपीडी’ पानावर स्टिकवरच्या छोट्या चिपमध्ये कारखान्याने लिहिलेली कोष्टके वाचता येतात. लिनक्सवर वेग पाहायला डीएमआयडीकोड ही आज्ञा पुरते. चार खाचांच्या बोर्डावर दोनच स्टिक असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत हव्यात. शेजारीशेजारी बसवल्यास बहुधा एकच चॅनेल (रॅम व प्रोसेसर यांमधला माहितीचा मार्ग) चालतो आणि तो तोटा टायमिंग कसून भरून निघत नाही.

जुळवणी. बायॉसमधून एक्सएमपी (इंटेल, साधारण २००७) किंवा एक्स्पो (एएमडी, २०२२) निवडले की कोष्टकातला वेग, टायमिंग व विद्युत्‌दाब एकदम लागू होतात. डीडीआर४ चा मानक दाब १.२ व्होल्ट आहे, एक्सएमपीत तो बहुधा १.३५ होतो. पुढे हाताने जायचे तर एका वेळी एकच आकडा एक पायरी हलवावा व दर वेळी चाचणी घ्यावी. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा. एकही चूक दिसली तर ती मांडणी नापास. रॅमची चूक नेहमी निळ्या पडद्याने कळत नाही. झिप फाइल उघडत नाही, फोटोच्या खालच्या भागात रंगीत पट्टा येतो, आणि तीच बिघडलेली प्रत बॅकअपमध्येही जाते. घरच्या संगणकावर दोन-चार टक्के वेगापायी ही जोखीम घेऊ नये. संगणक सुरूच होईना तर सीमॉस (बायॉसमधली मांडणी जपणारी स्मृती) क्लिअर करावे, म्हणजे मूळ मांडणी परत येते.

तापमान. धारित्रातला भार उष्णतेने लवकर गळतो. डीडीआर४ मध्ये ६४ मिलिसेकंदांत ८१९२ पुनर्भरणे होतात, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक. ८५ अंश सेल्सियसच्या वर ही गती दुप्पट करावी असे मानक सांगते. वेग काढण्यासाठी काही जण हे अंतर, म्हणजे टीआरईएफआय, वाढवतात. जानेवारीत ठाण्यात पंख्याशिवाय पास झालेली अशी मांडणी मेच्या दुपारी, बंद खोलीत, ग्राफिक्स कार्डाच्या गरम हवेत नापास होऊ शकते. इथल्या संगणकाची शेवटची चाचणी म्हणूनच एप्रिल-मेमध्ये, कॅबिनेटची झाकणे लावून आणि ग्राफिक्सवर भार ठेवून घ्यावी. खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, संपर्कपट्ट्यांवर थर धरून ‘डिस्प्ले येत नाही’ ही तक्रार वाढते. दुरुस्तीवाले स्टिक काढून सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलकेच पुसतात आणि दोन्ही कड्या ‘टक्‌’ वाजेपर्यंत दाबून परत बसवतात. खोडरबराचा कीस खाचेत पडू देऊ नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल त्याहून बरे.

ऐरोली, महापे, रबाळे भागांतल्या डेटा सेंटरमधील सर्व्हरांना ही जुळवणी लागू नाही. तिथे चूक दुरुस्त करणारी ईसीसी रॅम मानक वेगानेच चालवतात. बहुतेक लॅपटॉपांच्या बायॉसमध्येही टायमिंगचे पर्याय नसतात.