साथकाळातील आरोग्यसक्ती आणि तिला न्यायालयीन आव्हाने : इंदूरच्या संदर्भात

साथ पसरू लागली की सरकार माणसाच्या रोजच्या जगण्यात हात घालते. मास्क लावा, दुकान बंद ठेवा, घराबाहेर पडू नका, लस टोचून घ्या. अशा हुकमांची वैधता न्यायालयाकडून तपासून घेणे हा या नोंदीचा विषय. भारतात हे आव्हान बहुतेक वेळा संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली, उच्च न्यायालयात रिट याचिका (सरकारी कृतीविरुद्ध थेट दाद मागणारा अर्ज) करून दिले जाते. अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाणारे थोडे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्यपीठ जबलपूरला आणि खंडपीठे इंदूर व ग्वाल्हेरला आहेत. त्यामुळे इंदूरच्या रामबागेतल्या किंवा सुदामानगरातल्या माणसाला दाद मागायची तर एम. जी. रोडवरचे हायकोर्ट पुरते.

या खटल्यांकडे आरोग्य विरुद्ध स्वातंत्र्य अशी कुस्ती म्हणून पाहण्याची सवय पडली आहे. निकाल शांतपणे वाचत गेले की वाद बराच साधा दिसतो. हुकूम कोणी काढला, कोणत्या कलमाखाली काढला, किती दिवसांसाठी काढला, असे तीन प्रश्न जवळजवळ प्रत्येक याचिकेत येतात. चौथा प्रश्न अवघड आहे: जेवढे बंधन घातले तेवढ्याची खरोखर गरज होती का? यालाच वकील प्रमाणशीरपणाची कसोटी म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या खासगीपणाविषयीच्या निकालाने ती पक्की केली.

कायद्याचा आधार

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम झाला. कायदा अवघ्या चार कलमांचा. दुसऱ्या कलमाने सरकारला तात्पुरते नियम करण्याची मोकळीक दिली, तिसऱ्याने हुकूम मोडणाऱ्याला भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ ची, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याचा हुकूम न पाळल्याबद्दलची, शिक्षा लावली आणि चौथ्याने सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला खटल्यापासून संरक्षण दिले. ज्याच्यावर सक्ती होणार त्याच्या हक्काबद्दल या कायद्यात एक ओळ नाही. पुण्यात घरोघरी झालेल्या झडत्या, २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्या आणि त्यानंतर टिळकांना राजद्रोहाखाली झालेली १८ महिन्यांची शिक्षा हा इतिहास मराठी वाचकाला सांगायला नको. मात्र त्या वेळी न्यायालयात जाऊन म्हणता येतील असे मूलभूत हक्क कोणत्याच कागदावर नव्हते, हे लक्षात ठेवावे.

इंदूरच्या माणसाला या कायद्यातली एक जागा विशेष वाचण्यासारखी आहे. अधिनियमाच्या पहिल्या कलमात, १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी ‘भाग ब’ राज्यांत (म्हणजे मुख्यतः जुन्या संस्थानांच्या राज्यांत) असलेले प्रदेश वगळून हा कायदा संपूर्ण भारताला लागू आहे, असे शब्द होते. होळकर आणि शिंदे यांच्या संस्थानांचे मिळून १९४८ मध्ये जे मध्यभारत झाले ते ‘भाग ब’ राज्यच होते. निजामाच्या हैदराबादेतला मराठवाडाही त्याच वर्गातला. बडोदे मात्र १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाल्यामुळे या अपवादात आले नाही. हे वगळण्याचे शब्द २०२० च्या दुरुस्तीने काढले गेले. म्हणून त्याआधी इथे साथीचा कायदाच नव्हता असे समजू नये. राज्याचे विधिमंडळ वेगळा विस्तार-कायदा करून असे अधिनियम लागू करून घेऊ शकते. पण संस्थानी मुलखातल्या वकिलाने कायदा हातात घेतल्यावर ‘हा इथे लागू कशाने?’ हे आधी पाहावे, ही जुनी शिस्त अशाच ओळींमुळे पडली.

२०२० मध्ये कोविडच्या साथीत प्रत्यक्ष भार पडला तो दुसऱ्याच कायद्यावर. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ च्या कलम ६ आणि १० खाली २४ मार्च २०२० रोजी केंद्राचे हुकूम निघाले आणि २५ मार्चपासून २१ दिवसांची टाळेबंदी लागली. जिल्ह्याच्या पातळीवर कलेक्टरचे हत्यार होते फौजदारी प्रक्रिया संहितेचे जमावबंदीचे कलम १४४. या कलमाखालचा हुकूम एका वेळी दोन महिनेच चालतो, राज्य सरकार तो आणखी सहा महिने वाढवू शकते. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय, तर रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊ न देणे हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल असा. केंद्र आणि राज्य यांचे हुकूम एकमेकांवर चढत गेले ते या दुहेरी मांडणीमुळे.

इंदूरचा अनुभव

इंदूरने साथीतली सक्ती आणि साथीतले मन वळवणे, दोन्ही पाहिले आहे. प्लेगच्या दिवसांत तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना बोलावले. त्यांचा अहवाल १९१८ मध्ये आला. त्यांनी एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार मागून घेतले आणि दिवाळीत शहरातून मिरवणूक काढली. तीत प्लेगच्या उंदराचा अवाढव्य पुतळा होता. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार, तर जिथली घरे आणि गल्ल्या सर्वांत स्वच्छ असतील तिथून. आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून लोकांनी आपणहून घरे झाडली, कचरा बाहेर काढला. ना दंड, ना शिपाई. आव्हान द्यायला हुकूमच नव्हता. आरोग्यसक्तीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या प्रसंगाला तळटीपेत टाकू नये, असे माझे ठाम मत आहे.

एकशे दोन वर्षांनी गोष्ट वेगळी होती. १ एप्रिल २०२० रोजी टाटपट्टी बाखल या वस्तीत तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. पथकातल्या डॉक्टर बाई दुसऱ्याच दिवशी पुन्हा त्याच वस्तीत कामाला गेल्या, हे शहर अजून अभिमानाने सांगते, आणि सांगायलाच हवे. देशभर असे प्रकार होत गेल्यावर २२ एप्रिलला केंद्राने अध्यादेश काढून आरोग्य कर्मचाऱ्यावरील हल्ल्याला तीन महिने ते पाच वर्षे, आणि गंभीर दुखापत झाल्यास सहा महिने ते सात वर्षे अशी शिक्षा ठेवली. इंदुरात काही आरोपींना राष्ट्रीय सुरक्षा कायदा, म्हणजे इथल्या बोलीत ‘रासुका’, लावला गेला. रासुकात माणूस खटल्याविना आत राहतो. म्हणून त्याला अनुच्छेद २२ खाली आपले म्हणणे लवकर ऐकले जाण्याचा हक्क आहे. २०२१ मध्ये रेमडेसिविर या कोविडवरील औषधाच्या बनावट कुप्यांच्या प्रकरणात जबलपूरच्या एका रुग्णालयचालकाला असेच स्थानबद्ध केले होते. त्याच्या निवेदनावर निर्णय घ्यायला उशीर केला आणि नकारही नीट कळवला नाही, या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने ती स्थानबद्धता ऑक्टोबर २०२१ मध्ये रद्द केली. आरोप किती घाणेरडा आहे याने प्रक्रियेचा हक्क कमी होत नाही.

सामान्य माणसाची गाठ पडली ती ‘एकशे अठ्ठ्याऐंशी’शी. चौकात अडवले, गाडीची किल्ली काढून घेतली, नाव लिहून घेतले. मे २०२१ मध्ये तर किराणा आणि भाजीची दुकानेही काही दिवस बंद ठेवण्याचा हुकूम इंदुरात निघाला होता, तेव्हा एक जुडी मेथीसाठी बाहेर पडलेला माणूसही कायदा मोडणाराच ठरत होता. या कलमात एक मेख आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ प्रमाणे, ज्याचा हुकूम मोडला त्या अधिकाऱ्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने स्वतः लेखी तक्रार केल्याशिवाय न्यायालय कलम १८८ च्या गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. पोलिसांचा एफआयआर आणि आरोपपत्र एवढ्यावर हा खटला उभा राहत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच हे सविस्तर सांगितले होते. उत्तर प्रदेश सरकारने असे तीन लाखांवर खटले २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मागे घेतले.

जवळून पाहिलेली एक गोष्ट इथे नोंदवतो. आमच्या गल्लीतल्या एका घराच्या फाटकावर एक कागद डिंकाने चिकटवला होता. वर लाल अक्षरांत या घरी येऊ नये अशी हिंदी सूचना, खाली घरमालकाचे नाव, घरात माणसे किती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. कलम नव्हते. सही नव्हती, शिक्काही नव्हता. दूधवाला दोन घरे अलीकडेच थांबून पातेले मागायचा. चौदा दिवस सरले, घरातले सगळे बरे झाले, कागद तसाच. काकू फाटकाआडून विचारायच्या, “अहो, हा काढायचा कोणी? मी काढला तर गुन्हा होईल का हो?” गल्लीत शिकलेली माणसे पुष्कळ होती, उत्तर कोणाकडे नव्हते. पावसाळ्यात अक्षरे ओघळली, पण डिंकाचा चौकोन फाटकावर पुढची दिवाळी येईपर्यंत दिसत होता.

हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. केंद्राने तिथे सांगितले की आमच्या मार्गदर्शक सूचनांत असे फलक लावायला सांगितलेलेच नाही. ९ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयाने ठरवले की, आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाखाली सक्षम अधिकाऱ्याने विशिष्ट निर्देश दिल्याशिवाय रुग्णाच्या घरावर फलक लावता येणार नाही. काकूंच्या प्रश्नाचे उत्तर असे आठ-नऊ महिन्यांनी, दिल्लीहून आले.

याचिका करणाऱ्यांची खरी अडचणही इथेच आहे. हुकूम चौदा दिवसांचा असतो आणि याचिकेची तारीख महिन्याने लागते. तोवर हुकूम संपलेला असतो, नवा निघालेला असतो, आणि जुनी याचिका ‘इन्फ्रक्चुअस’, म्हणजे आता अर्थ न उरलेली, म्हणून निकाली निघते. शिवाय मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपाला याचिकेसोबत जोडायचे कसे? हुकमाची सहीची प्रत मिळवणे हे अशा खटल्यातले पहिले, आणि पुष्कळदा सर्वांत कष्टाचे काम असते.

न्यायालयच सक्ती करते तेव्हा

बंधन नेहमी सरकारच घालते असे नाही. मध्य प्रदेशात ३ नोव्हेंबर २०२० रोजी २८ जागांची पोटनिवडणूक होती, त्यात इंदूर जिल्ह्यातले सांवेरही होते. ग्वाल्हेर खंडपीठाने २० ऑक्टोबरला आपल्या क्षेत्रातल्या प्रत्यक्ष प्रचारसभांवर कडक अटी घातल्या. आभासी सभा शक्यच नसेल तरच सभा, आणि तीही येणाऱ्या लोकांसाठी दुप्पट मास्क व सॅनिटायझर घेता येतील इतके पैसे आधी जमा करून. सहा दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश स्थगित केला. गुजरात उच्च न्यायालयाने, ज्याच्या कक्षेत बडोदे येते, २ डिसेंबर २०२० रोजी विनामास्क सापडणाऱ्यांना कोविड केंद्रात सेवा करायला लावण्याचा आदेश दिला. तो दुसऱ्याच दिवशी स्थगित झाला. संसर्गाच्या जागी निरोगी माणसाला शिक्षा म्हणून पाठवणे ही कल्पना टिकणारी नव्हतीच. दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र ७ एप्रिल २०२१ रोजी, मोटारीत एकटा बसलेला माणूसही सार्वजनिक जागीच आहे असे मानून मास्कसक्ती कायम केली. पुढे २०२२ मध्ये दिल्ली सरकारनेच एकट्या मोटारचालकाला त्यातून सूट दिली.

साथीच्या नावाखाली भलतेच काही उरकून घेण्याचे प्रयत्नही न्यायालयात अडले. गुजरात सरकारने एप्रिल २०२० मध्ये कारखान्यांत दिवसाला बारा तास काम आणि जादा कामाला दुप्पट मजुरी नाही, अशी सवलत मालकांना दिली होती. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि कामगारांना जादा कामाची मजुरी द्यायला लावली. साथ ही कारखाने अधिनियमातली ‘सार्वजनिक आणीबाणी’ नव्हे, असा तो निकाल.

सण-उत्सवांबाबत इंदूरने फारसे भांडण केले नाही. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, दोन वर्षे निघाली नाही, ती २०२२ मध्ये पुन्हा निघाली.

लसीची सक्ती

मेघालय उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये सांगितले की दुकानदार, टॅक्सीवाले यांच्या धंद्याची अट म्हणून लस लादणे मूलभूत हक्कांत बसत नाही. त्याऐवजी कर्मचाऱ्यांचे लसीकरण झाले की नाही याची पाटी दुकानावर लावावी. गुवाहाटी उच्च न्यायालयानेही मिझोराम व अरुणाचलच्या बाबतीत लस न घेतलेल्यांवरची बंधने भेदभावाची मानली. मुंबईत लोकल दोन मात्रा घेतलेल्यांनाच खुली ठेवण्याचा वाद फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयात तडीस आला. तिथे लस चांगली की वाईट हा मुद्दाच नव्हता. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालच्या राज्य कार्यकारी समितीत रीतसर विचार न करता मुख्य सचिवांच्या पातळीवर निर्णय झाला, यावर न्यायालयाने बोट ठेवले.

शेवटी २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशासाठी भूमिका ठरवली. शरीरावरचा अधिकार अनुच्छेद २१ मध्ये येतो, म्हणून कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही. केंद्राचे लसीकरण धोरण अवाजवी किंवा उघडउघड मनमानी आहे असेही म्हणता येत नाही. समाजाच्या आरोग्यासाठी सरकार लस न घेतलेल्यावर मर्यादित बंधने घालू शकते, पण ती प्रमाणशीर हवीत. आणि लस न घेतलेल्यांकडून जास्त संसर्ग पसरतो असे दाखवणारी पुरेशी माहिती समोर नसल्याने, संसर्ग कमी असेपर्यंत तशी बंधने मागे घ्यावीत. लसीनंतरच्या दुष्परिणामांची नोंद लोकांना आणि डॉक्टरांना सहज करता यावी, असेही न्यायालयाने बजावले. लसविरोधकांनी यातले पहिले वाक्य उचलले, सरकारी बाजूने दुसरे. निकाल पूर्ण वाचावा असा आहे.

परदेशांतही रेषा याच जागी ओढलेली दिसते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये देवीची लस नाकारणाऱ्याला झालेला पाच डॉलर दंड योग्य ठरवला होता. त्याच न्यायालयाने १३ जानेवारी २०२२ रोजी मोठ्या आस्थापनांवरची लस-किंवा-चाचणीची सक्ती थांबवली, कारण कामगार सुरक्षेच्या खात्याला संसदेने तो अधिकार दिला नव्हता. त्याच दिवशी रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांसाठीची सक्ती मात्र चालू दिली.

सध्याची स्थिती

१ जुलै २०२४ पासून कलम १८८ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ ने घेतली आहे. जमावबंदीचे कलम १४४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ आहे. लेखी तक्रारीची अट त्याच संहितेत कलम २१५ म्हणून तशीच पुढे आली आहे. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलेल्या २८६ व्या अहवालात १८९७ चा कायदा अपुरा असल्याचे सांगून, त्यात सर्वंकष दुरुस्ती करावी किंवा नवा कायदा आणावा आणि केंद्र, राज्य व स्थानिक संस्था यांचे अधिकार स्पष्ट करणारी साथरोग योजना आखावी, अशी शिफारस केली आहे.