'चल चल चल' : बांगलादेशाच्या संचलनगीताची पार्श्वभूमी

बांगलादेशाचं राष्ट्रगीत रवींद्रनाथांचं, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. त्या देशाचं संचलनगीत बंगाली कवी काझी नझरुल इस्लाम यांचं आहे, ही गोष्ट मात्र फारशी कानावर येत नाही. लष्करी समारंभांत ते आज वाजतं, पण लिहिलं गेलं ते सैनिकांसाठी नव्हे.

१९२६ मध्ये ढाक्यात काही प्राध्यापक, लेखक आणि विद्यार्थ्यांनी मिळून 'मुस्लिम साहित्य समाज' काढला. आपल्याच समाजातल्या पोथीनिष्ठेला प्रश्न विचारायचे, बुद्धी मोकळी करायची, हा त्यांचा ध्यास. ज्ञान जिथे बांधलेलं तिथे बुद्धी अवघडलेली आणि मुक्ती अशक्य, हे त्यांच्या 'शिखा' या मुखपत्राचं ब्रीद. १९२८ च्या फेब्रुवारीत समाजाचं दुसरं वार्षिक अधिवेशन भरलं, त्यासाठी नझरुलनी हे गीत रचलं. नाव दिलं 'नतुनेर गान', म्हणजे नव्याचं गाणं. पुढच्या वर्षी ते 'संध्या' या संग्रहात आलं.

मग त्यात कवायतीचा ठेका आला कुठून? नझरुल स्वतः पलटणीत होते. १९१७ मध्ये ते ४९व्या बंगाली रेजिमेंटमध्ये भरती झाले आणि कराचीच्या छावणीत हवालदारपदापर्यंत पोचले. तरीही 'ऊर्ध्व गगने बाजे मादल' या ओळीत आभाळात वाजतो तो बँडचा ढोल नाही. मादल हे संथाळ आदिवासींचं वाद्य, आणि नझरुलांचं जन्मगाव चुरुलिया आसनसोलच्या त्याच पट्ट्यातलं. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. पुढचं 'अरुण प्रातेर तरुण दल' तर मराठी माणसाला उलगडून सांगावंच लागत नाही.

१३ जानेवारी १९७२ रोजी बांगलादेशाच्या मंत्रिमंडळानं या गीताला राष्ट्रीय संचलनगीताचा मान दिला. शेख मुजीबुर रहमान पाकिस्तानच्या कैदेतून ढाक्याला परतले, त्याला जेमतेम तीन दिवस झाले होते. नव्या देशाला ज्या गोष्टींची सर्वांत आधी गरज वाटली, त्यांत हे ४४ वर्षांपूर्वीचं गाणं होतं.

त्याच वर्षी २४ मे रोजी, ७३व्या वाढदिवशी, नझरुलना कोलकात्याहून ढाक्याला आणलं गेलं. १९४२ च्या आजारात त्यांची वाचा गेली होती. १९७६ मध्ये ते गेले. त्यांची कबर ढाका विद्यापीठाच्या मशिदीशेजारी आहे.