पुरुष परिचारक: शुश्रूषा बायकांच्या वाट्याला आली कशी?

मुलाने बीएस्सी नर्सिंगला प्रवेश घेतला म्हटलं की कोल्हापुरात अजून कुणीतरी विचारतंच, "डॉक्टरकीला नंबर लागला न्हाई व्हय?" मुलीच्या बाबतीत हा प्रश्न क्वचितच येतो. शुश्रूषा हे बाईचंच काम, अशी आपली पक्की समजूत आहे. पण ती वाटते तितकी जुनी नाही.

चरकसंहितेने उपचाराचे चार आधार सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाला शुश्रूषेचं ज्ञान हवं, हातात सफाई हवी, रोग्याविषयी माया हवी आणि तो स्वच्छ हवा. बाई की पुरुष, हे त्या यादीत नाही. युरोपातही सोळाव्या शतकात संत कॅमिलस यांनी आजाऱ्यांच्या सेवेसाठी पुरुषांचा पंथ काढला होता.

वळण आलं 1860 मध्ये. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने लंडनला निघालेली प्रशिक्षण शाळा फक्त स्त्रियांसाठी होती. घराबाहेर मानाने काम करायची वाट त्यांना त्यातून मिळाली, हे खरंच मोठं काम झालं. पुरुष मात्र त्या वाटेबाहेर राहिले. इंग्लंडमध्ये 1919 च्या कायद्याने परिचारिकांची नोंदवही सुरू झाली, तेव्हा मुख्य यादी बायकांची आणि पुरुषांची वेगळी पुरवणी. ही विभागणी 1949 च्या कायद्याने संपली.

आपल्याकडे कारण जरा वेगळं होतं, आणि ते कोल्हापुरातच नीट दिसतं. आजचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय), म्हणजे आपला थोरला दवाखाना, तेव्हा आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं. तिथल्या स्त्री-विभागासाठी 1886 मध्ये संस्थानाने डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक केली. पुरुष डॉक्टरपुढे यायला बायका तयार नसत, म्हणून बाईच हवी होती. (क्षयाने त्यांना गाठलं; फेब्रुवारी 1887 मध्ये त्या गेल्या, रुजू होणं राहूनच गेलं.) आदल्याच वर्षी, 1885 ला, लेडी डफरिन फंड उभा राहिला होता, तोही स्त्रियांना स्त्रियांकडून उपचार मिळावेत म्हणून. 1888 मध्ये लष्करी इस्पितळांसाठी विलायतेहून दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबईत उतरल्या. तोवर तिथली शुश्रूषा शिपाईगडीच करत. गरज होती बाळंतिणीची आणि पडद्यातल्या बाईची. साहजिकच पैसा आणि प्रशिक्षण बायकांकडे वळलं. यात पुरुषांवर कुणी डाव साधला नव्हता. गरज पुढे बदलली, रीत तशीच राहिली.

पुरुषांची खरी अडचण झाली ती सुईणपणाच्या अभ्यासाने. नर्सिंगची पात्रता त्याच्याशी जोडलेली. मग मुलांना त्याऐवजी मानसिक आजाऱ्यांच्या शुश्रूषेचं शिक्षण दिलं जाई. त्यामुळे वेड्यांच्या इस्पितळात, हाडांच्या वॉर्डात, अपघात विभागात 'ब्रदर' दिसणं लोकांना सवयीचं झालं. भारी पेशंट उचलायचा, दारू पिऊन आलेल्याला आवरायचं, की हाक ब्रदरलाच. स्त्री-वॉर्डात मात्र त्याने पाऊल टाकलं की नातेवाईक उठून उभे राहतात. पुरुष डॉक्टर तपासून गेला, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

2016 मध्ये केंद्र सरकारने 'स्टाफ नर्स' हे पद 'नर्सिंग ऑफिसर' केलं. 2019 मध्ये एम्सने भरतीत 80 टक्के जागा महिलांना आणि 20 टक्के पुरुषांना असं ठरवलं, त्यावरून मुलं कोर्टात गेली. लष्कराच्या परिचर्या सेवेचा 1943 चा अध्यादेश तर फक्त स्त्रियांचाच विचार करून लिहिलेला आहे.