भामट्याचा सापळा : पार्श्वभूमी

‘आधी प्रोसेसिंग फी भरा, कर्ज आठवड्यात मंजूर’ असं सांगून गायब होणारे भामटे मुंबईला नवे नाहीत. न्यूयॉर्कचा मेल्विन वाइनबर्ग हेच करायचा. परदेशी बँकेच्या कर्जाचं आमिष दाखवायचं, फी खिशात घालायची, मग अर्ज नामंजूर. १९७७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि तुरुंग टाळण्यासाठी तो एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेचा खबऱ्या झाला.

१९७८ मध्ये अरब शेखाच्या नावाने ‘अब्दुल एंटरप्रायझेस’ ही बनावट कंपनी एफबीआयने उभी केली. ‘अ‍ॅबस्कॅम’ हे या छुप्या कारवाईचं नाव त्यावरूनच पडलं : अब्दुल अधिक स्कॅम, म्हणजे फसवणूक. गळ टाकला होता चोरीची चित्रं आणि खोटे रोखे विकणाऱ्यांसाठी. गळाला लागले न्यू जर्सीतल्या कॅम्डेनचे महापौर अँजेलो एरिकेटी, आणि त्यांनी पुढची मोठी माणसं आणून दिली. अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सदस्य रिचर्ड केली यांनी छुप्या कॅमेऱ्यासमोर २५ हजार डॉलर खिशांत कोंबले आणि ‘दिसत तर नाही ना?’ असं विचारलं. एक सिनेटर आणि प्रतिनिधिगृहाचे सहा सदस्य दोषी ठरले. लॅरी प्रेस्लर या सिनेटरने मात्र पैसे साफ नाकारले. मला तर टेपवरच्या सगळ्या कबुल्यांपेक्षा हा नकार मोलाचा वाटतो. तरी लाच सरकारनेच पुढे केली, तीही एका ठगाच्या हातून, हा आक्षेप राहिलाच. १९८१ मध्ये अशा छुप्या कारवायांसाठी नियमावली आली.

हाच प्रश्न आपल्याकडे आधीच उभा राहिला होता. १९४९ मध्ये पन्ना हिरे खाणीच्या प्रकरणात तेव्हाच्या विंध्य प्रदेश राज्याचे मंत्री राव शिवबहादूर सिंह दिल्लीत सापळ्यात सापडले. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषीच ठरवलं, पण पोलिसांनाही सुनावलं : लाच देणाऱ्याकडे पैसा नसताना तो पुरवणं तुमचं काम नव्हे.

वरळीत मुख्यालय असलेल्या आपल्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्याची सुरुवात म्हणूनच तक्रारदारापासून होते. मागणी आधी अधिकाऱ्याकडून झालेली असावी लागते, आणि पंचांसमक्ष तिची पडताळणी होते. मग नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावतात. लाच घेतलेला हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवला की पाणी गुलाबी होतं. ते बाटलीत भरून, सील करून, पंचांच्या सह्यांनिशी न्यायालयात जातं.