गुडघ्यात सुई घेताय? आमच्या दुकानातून कुपी नेण्याआधी हे वाचा

ज्येष्ठ महिना लागला की आमच्या काउंटरवर एक चिठ्ठी हमखास दिसू लागते. ट्रायमसिनोलोन, ४० मिलिग्रॅम, एक कुपी. सोबत एखाद्या मावशी, एक हात काचेवर टेकलेला, दुसरा गुडघ्यावर. "आळंदीपासून जायचंय यंदा. डॉक्टर म्हणाले, एक सुई मारू." मग आवाज खाली आणून विचारतात, "स्टेरॉइड असतं म्हणे यात. घेऊ ना?"

सुई घ्यायची की नाही हे तुमचे हाडांचे डॉक्टर ठरवतील, ते आमचं काम नाही. पण गिऱ्हाइकांच्या गर्दीत दोन मिनिटांत जे सांगून होत नाही, ते या कागदावर लिहिलं आहे. घरी नेऊन सावकाश वाचा. चष्मा सापडला नाही तर नातवाला वाचायला बसवा.

आधी दुखणं कोणतं ते

आपल्याकडे सगळ्यालाच वात म्हणतात. साठीपुढच्या बायकांत सर्रास दिसते ती गुडघ्याची झीज. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा पातळ होते, मधूनच आतल्या अस्तराला सूज येते, पाणी भरतं. पाळी गेल्यानंतर हा त्रास बायकांना पुरुषांपेक्षा बराच जास्त होतो. आमवात वेगळा. त्यात बोटांचे छोटे सांधे सुजतात आणि सकाळी उठल्यावर तासतासभर हात वळत नाहीत. त्याचे उपचारही वेगळे, म्हणून शेजारणीची चिठ्ठी आणून "तेच द्या" म्हणू नका. आम्ही देणार नाही.

कुपीत काय आहे

स्टेरॉइड म्हणजे मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी शरीरातच जे संप्रेरक बनवतात, त्याच्या जातीचं औषध. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला ते पहिल्यांदा दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण सगळ्या अंगात भिनणाऱ्या औषधाचे दुष्परिणामही लवकरच कळले. १९५१ मध्ये जोसेफ हॉलंडर यांनी औषध थेट सांध्यात टोचायला सुरुवात केली, म्हणजे जिथे सूज तिथेच ते राहील. तुमच्या गुडघ्यातली सुई ही त्याच वाटेवरची.

कुपी हलवली की दुधासारखी दिसते, ठेवून दिली की तळाला पांढरा साका बसतो. एक ताई "हे नासलंय" म्हणून परत घेऊन आल्या होत्या. नासलेलं नसतं, ते असंच असतं. भरण्याआधी डॉक्टर हलवून घेतात. फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही, आणि बर्फाच्या कप्प्यात तर अजिबात नाही.

ज्याला लोक 'वंगणाची सुई' किंवा 'ग्रीसिंग' म्हणतात ते हे नव्हे. तो पारदर्शक, चिकट द्रव असतो, बहुधा भरलेल्या सिरिंजमध्येच येतो आणि महागही असतो. डॉक्टरांनी दोन्हींपैकी कोणतं सांगितलंय ते विचारून घ्या. निम्म्या लोकांना ते माहीत नसतं, हा आमचा रोजचा अनुभव.

किती दिवस बरं वाटतं

सूज असलेल्या गुडघ्याला दोनतीन दिवसांत आराम पडतो. खरा जोर पहिल्या एकदोन आठवड्यांत. २०१५ साली २७ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा दीड महिन्यापर्यंत फरक दिसला, तीन महिन्यांनी थोडासाच उरला आणि सहा महिन्यांनी काहीच नाही. पुराव्याचा दर्जाही फारसा चांगला नव्हता, हेही तिथेच नोंदवलं आहे.

मग दर तीन महिन्यांनी घेत राहिलं तर? अमेरिकेत १४० रुग्णांवर हेच करून पाहिलं. निम्म्यांना स्टेरॉइड, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, दर १२ आठवड्यांनी, दोन वर्षं. २०१७ मध्ये निकाल आला. दुखण्यात दोन्हीकडे फरक नाही, उलट स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजली. त्यामुळे एका गुडघ्यात वर्षाला तीनचारपेक्षा जास्त सुया घेऊ नयेत असं डॉक्टर सांगतात, तेव्हा ते पैसे वाचवायला सांगत नसतात.

आमच्या मते या सुईचा खरा उपयोग एवढाच: सूज उतरते, दुखणं महिनाभर गप्प बसतं, आणि तेवढ्या काळात मांडीचे स्नायू कमावून घेता येतात. सुई घेऊन सोफ्यावर बसायचं असेल तर पैसे वाया. २०२० मध्ये १५६ रुग्णांच्या चाचणीत वर्षअखेर सुई घेणाऱ्यांपेक्षा फिजिओथेरपी करणारे बरे निघाले. सुरुवातीला सोपा व्यायाम हा: पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबून धरा, पाच अंक मोजा, सोडा. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पुढचं फिजिओथेरपिस्टकडून शिका. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, हेही लक्षात असू द्या. नी-कॅप आम्हीही विकतो, पण तिने वजन उतरत नाही.

साखर असणाऱ्यांनी इथे थांबा

सुई गुडघ्यात दिली तरी थोडं औषध रक्तात उतरतंच. मधुमेह असेल तर त्याच दिवसापासून साखर वर जाते आणि दोन ते पाच दिवस, कधी आठवडाभर, चढीच राहते. आमच्याकडच्या एक काकू दोन्ही गुडघ्यांत एकाच दिवशी सुया घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा ग्लुकोमीटर दुकानात घेऊन आला, "मशीन बिघडलंय, ३४० दाखवतंय." मशीन ठणठणीत होतं. सुई घ्यायच्या आधीच साखर बेफाम असेल तर डॉक्टर बहुधा थांबायला सांगतात. घेतल्यावर आठवडाभर दिवसातून दोनदा तपासा, वहीत लिहा, आणि इन्सुलिन किंवा गोळी आपल्या मनाने वाढवू नका. फोन करून विचारा.

घेतल्यावर काय चालेल, काय नाही

पहिले एकदोन दिवस गुडघा उलट जास्त ठणकू शकतो. औषधाच्या कणांनी तो चिडतो. कापडात बर्फ गुंडाळून दहापंधरा मिनिटं ठेवा. गाल लाल होणं, गरम वाटणं, एखादी रात्र झोप न लागणं हेही दोनतीन दिवसांत जातं. टोचलेल्या जागी कातडी फिकी पडली किंवा खळगा दिसला तर घाबरू नका, पण पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा.

दोन दिवसांनंतरही दुखणं वाढतच गेलं, गुडघा लालभडक, गरम झाला, ताप भरला, पाय टेकवेना, तर रात्र काढू नका. सांध्यात जंतू गेल्याची शक्यता असते. ते क्वचित घडतं, पण त्यात एका दिवसाचाही उशीर महागात पडतो.

आणि एक गोष्ट जी बायका आम्हाला सांगत नाहीत, बऱ्याचदा घरीही नाही. पाळी कायमची गेल्यानंतर अशा सुईमागे कधीकधी लाल डाग दिसतो. तो सुईमुळे असेलही. पण पाळी गेल्यावर दिसलेला कोणताही डाग स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तपासायलाच हवा, "सुईचंच असेल" म्हणून सोडून द्यायचा नाही.

सुईआधी डॉक्टरांना हे सांगा: रक्त पातळ करायच्या गोळ्या (त्या स्वतःहून बंद करू नका), ताप, लघवीला जळजळ, गुडघ्यावर फोड किंवा जखम. आणि गुडघा बदलायची शस्त्रक्रिया तीन महिन्यांच्या आत ठरली असेल तर तेही नक्की.

वारीचं म्हणाल तर निघायच्या आदल्या दिवशी सुई नको. घेतल्यावर दोनेक दिवस गुडघ्याला जपायचं असतं आणि साखरही जागेवर यायला हवी. दिवे घाट चढताना गुडघा दुखला नाही म्हणून तो नवा झाला असं नाही. झीज तेवढीच आहे, फक्त ती कळत नाहीये. काठी बरोबर असू द्या.

पुडीबद्दल

बाजारात, बसस्टँडवर, कुणाच्या तरी ओळखीने गुडघेदुखीची 'जडीबुटीची' पुडी मिळते. तीन दिवसांत चमत्कार, भूक वाढते, अंगात तरतरी येते. ही लक्षणं ऐकली की आम्हाला पहिली शंका स्टेरॉइडचीच येते. अशा पुड्यांत ते कुटून घातलेलं अनेकदा सापडलं आहे. सुईतला डोस मोजका, जागेवर दिलेला आणि डॉक्टरांच्या नोंदीत असतो. पुडीतला रोज पोटात जातो, किती ते कुणालाच माहीत नसतं. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, कातडीवर जराशा धक्क्याने निळे डाग पडतात, साखर आणि रक्तदाब चढतो, आणि पाळी गेल्यानंतर आधीच ठिसूळ झालेली हाडं आणखी ठिसूळ होतात. झिजेच्या दुखण्याला रोज स्टेरॉइड पोटात घ्यायचं कारणच नाही.

कुणी अशी पुडी महिनोन्महिने घेत असेल तर हे वाचून आजच ती फेकून देऊ नका. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं, आणि एकदम थांबवल्यावर चक्कर, उलट्या, रक्तदाब कोसळणं असं काहीही होऊ शकतं. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू कमी करतील. आमच्याकडे प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामिथॅसोनची गोळी चिठ्ठीशिवाय मागू नका. ओळख कितीही जुनी असली तरी कायदा आणि आमचं उत्तर एकच आहे.

या कागदाच्या मागे चार रेघा मोकळ्या सोडल्या आहेत. सुई झाली की तिथे तारीख, औषधाचं नाव, मात्रा आणि डावा की उजवा गुडघा एवढं लिहून घ्या. गावातल्या डॉक्टरांनी मे महिन्यात दिलेली आणि मुलीच्या गावच्या डॉक्टरांनी जूनमध्ये दिलेली सुई एकमेकांना माहीत नसतात. पुढच्या वेळी कुपी घ्यायला याल तेव्हा हा कागद बरोबर आणा, आम्ही आधी मागची बाजू बघू.