कूलरचा करंट आणि ३० मिलिअँपिअर

होळी आटोपली की नागपुरात गच्चीवरचे कूलर ताडपत्रीतून बाहेर निघतात. पत्र्याला रंगाचा हात, नव्या ताट्या, पंपाला तेलपाणी, आणि मग खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर मुक्काम थेट मृगापर्यंत. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात कूलर ही काही चैन नव्हे. पण याच दिवसांत कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्याही येतात, आणि त्यामागोमाग महावितरणचं आवाहन: पाणी भरताना प्लग काढा, अर्थिंग तपासा, ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा खटका) बसवा. यातला शेवटचा शब्द बहुतेकांच्या डोक्यावरून जातो. गंमत म्हणजे तो शब्दही आता जुना झालाय.

आधी कूलरकडे बघू. पंप टाकीतल्या पाण्यात बुडालेला असतो. आठ-नऊ महिने कोरड्या पडलेल्या पंपाच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन कुठेतरी तडकलेलं असलं, की फेज, म्हणजे तारेतली जिवंत वीज, पाण्यात उतरतो आणि पाण्यातून पत्र्यावर येतो. अर्थची तार जागेवर असेल तर करंट जमिनीत जातो. ती असतेच असं नाही. दोनच तारांची वायर, दोन पिनांचा प्लग; कुठे तर प्लगही नाही, सोललेली टोकं सॉकेटमध्ये माचिसच्या काड्यांनी दाबलेली. (हे मी आमच्याच गल्लीत, चांगल्या दुमजली घरात पाहिलंय.) मग कुणीतरी अनवाणी, ओल्या फरशीवर उभं राहून, हातात नळाचा पाइप घेऊन त्या पत्र्याला हात लावतं.

'पण एमसीबी पडायला हवा होता ना?' असं लोक विचारतात. फ्यूज काय आणि एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा खटका) काय, दोन्ही जन्माला आले ते तारा जळू नयेत म्हणून. ओल्या अंगाचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्यातून ०.२३ अँपिअर वाहतात. एमसीबीच्या लेखी घरात कुणीतरी पन्नासेक वॅटचा बल्ब लावला, इतकंच. हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरत राहायला मात्र तेवढे पुष्कळ झाले. बरं, अर्थिंग असलं तरी मे महिन्यात इथली काळी माती भेगाळते आणि अर्थचा रोध वाढतो. तो १० ओहम झाला की करंट २३ अँपिअरच्या वर जात नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्यावर पडायला तासभरही लागू शकतो. तोवर पत्रा जिवंतच.

ही अडचण जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात यावर पहिला तोडगा निघाला तो व्होल्टेजवर चालणारा. उपकरणाचा पत्रा आणि जमीन यांच्यामध्ये एक कॉइल. पत्र्यावर साधारण ५० व्होल्ट चढले की खटका पडायचा. ईएलसीबी हे नाव याच काळातलं. पण पत्रा दुसरीकडे कुठे पाण्याच्या नळाला टेकला, तर करंट तिकडून निघून जाई आणि कॉइलला पत्ता नसे. आणि कुणी थेट उघड्या तारेलाच हात लावला, तर ती बाब तिच्या कक्षेतच येत नव्हती.

दुसरी कल्पना किराणा दुकानदाराच्या हिशेबासारखी. फेजने जितका गेला, तितका न्यूट्रलने परत आला पाहिजे. दोन्ही तारा एकाच चुंबकीय कड्यातून ओवायच्या. जाणाऱ्या-येणाऱ्या करंटचे परिणाम एकमेकांना खोडतात. काही करंट माणसातून परस्पर जमिनीत गेला, तर हिशेब जुळत नाही, कड्यावरच्या वेगळ्या वेटोळ्यात वीज उमटते आणि खटका पडतो. अडचण होती ती बारकाईची. सुरुवातीच्या अशा यंत्रणा १० अँपिअरच्या आसपास फरक पडला तरच जाग्या होत.

ती बारकाई आली दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतून. हेन्री रुबिन या इंजिनिअरने १९५५ मध्ये २५० मिलिअँपिअरला, म्हणजे पाव अँपिअरला, पडणारी यंत्रणा केली आणि पुढच्याच वर्षी १२.५ ते १७.५ मिलिअँपिअरचा नमुना. १९५७-५८ मध्ये स्टिलफोंटेनच्या खाणवस्तीतल्या घरांत २० मिलिअँपिअरची यंत्रं लागली. ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगेलमायर याच मार्गावर होते. करंटचे प्रयोग त्यांनी स्वतःच्या अंगावरही करून पाहिले. अमेरिकेत बर्कली विद्यापीठाच्या चार्ल्स डाल्झिएल यांनी स्वयंसेवकांच्या हातात विजेची तार देऊन ती कितीपर्यंत सोडता येते ते मोजलं. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअर निघाली. आपण म्हणतो 'करंटने धरून ठेवलं', ते हेच. वीज कुणाला ओढत नाही. मूठ आवळणारे स्नायू आखडतात आणि उघडायचं ऐकत नाहीत.

अमेरिकेने पुढे घरासाठी ५ मिलिअँपिअरच्या आसपासची मर्यादा धरली, युरोपने आणि आपण ३०. हे उपकरण (आजचं नाव आरसीसीबी) करंट कमी करत नाही, वेळ कमी करतं. झटका बसतोच. पण १५० मिलिअँपिअर गळती आणि त्यावर ते ०.०४ सेकंदाच्या आत पडायला हवं, आणि हृदयाच्या एका ठोक्याला साधारण पाऊण सेकंद लागतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले आणि पाय कोरड्या पाटावर असले, तर मात्र हिशेब जुळतो आणि ते गप्प राहतं.

या उपकरणासाठी आपल्याकडे भारतीय मानक आहे, आयएस १२६४०. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमावलीत अर्थ लिकेज संरक्षण सक्तीचं होतं, पण २५० व्होल्टपर्यंतच्या, ५ किलोवॅटखालच्या जोडण्या त्यातून वगळल्या होत्या. माझ्या मते चूक नेमकी इथे झाली: एक पंखा, एक टीव्ही आणि एक लोखंडी कूलर असलेलं घर त्याच सुटीत बसायचं. २०२३ मध्ये नवी नियमावली आली, जुन्या घरांतले बोर्ड मात्र तेच आहेत. आणि हे उपकरण बसवलं तरी इन्व्हर्टरचा न्यूट्रल आणि मेनचा न्यूट्रल एकत्र झालेला असला, की ते सारखं पडतं. मग कुणीतरी सरळ बायपास करून मोकळा होतो.

दुकानात अजूनही ईएलसीबीच मागावा लागतो. हातात येणाऱ्या डब्यावर आरसीसीबी छापलेलं असतं. त्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण उपकरणाच्या आतच खोटी गळती तयार करतं, त्यामुळे खटका चालतो की नाही ते कळतं, अर्थिंगचं काही कळत नाही. आमच्याकडे ते दाबायचं ताट्या बदलायच्या दिवशी. खटका पडतो, पंखे थांबतात, आणि आतून आईचा आवाज येतो, 'गेली काय रे लाइन?'