फ्रोझन फोर (महाविद्यालयीन आइस हॉकी)

अमेरिकेतील महाविद्यालयीन पुरुष आइस हॉकीचा राष्ट्रीय विजेता ठरवणारी वार्षिक स्पर्धा. महाविद्यालयीन खेळांची शिखर संस्था ‘एनसीएए’ ती मार्च-एप्रिलमध्ये भरवते. ‘फ्रोझन फोर’ हे खरे तर उपांत्य व अंतिम फेरीचे नाव. बोलताना मात्र सगळ्या स्पर्धेलाच ते लावले जाते.

पहिली स्पर्धा १९४८ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे ब्रॉडमूर हॉटेलाच्या रिंकवर झाली. संघ चारच होते. अंतिम सामन्यात मिशिगनने डार्टमथला ८–४ असे हरवले. १९५७ पर्यंत स्पर्धेचा मुक्काम याच रिंकवर होता. नंतर ती शहरोशहरी फिरू लागली आणि २०१० मध्ये डेट्रॉइटच्या फुटबॉल स्टेडियममध्ये बर्फ घालून खेळवलेल्या अंतिम सामन्याला ३७,५९२ प्रेक्षक आले.

२००३ पासून १६ संघ खेळतात. सहा कॉन्फरन्सचे (आपापसात हंगामभर खेळणाऱ्या महाविद्यालयांच्या गटांचे) विजेते थेट येतात, उरलेल्या दहा जागा हंगामातील कामगिरीच्या गणिती क्रमवारीवरून भरल्या जातात. चार केंद्रांवर चार-चार संघ, आणि हरला तो घरी. व्यावसायिक एनएचएलच्या प्लेऑफमध्ये प्रतिस्पर्ध्याला चार वेळा हरवावे लागते. इथे एक संध्याकाळ पुरते. गोलरक्षकाचा हात त्या दिवशी बसला की बलाढ्य संघाचा अख्खा हंगाम पाण्यात जातो.

२०१३ चे येल पाहा. क्रमवारीच्या जोरावर आत आलेल्या संघांत ते सर्वांत शेवटचे. अंतिम फेरीत गाठ पडली कनेक्टिकटमधल्याच शेजारी क्विनिपियाकशी. क्विनिपियाकला अव्वल मानांकन होते आणि त्याच हंगामात त्यांनी येलला तीनदा हरवले होते. चौथ्यांदा येल ४–० ने जिंकले. पुढच्याच वर्षी जेमतेम २,२०० विद्यार्थ्यांच्या युनियन कॉलेजने अवाढव्य मिनेसोटा विद्यापीठाला ७–४ असे हरवले. युनियन काय, येल काय, दोघेही तेव्हा खेळासाठी शिष्यवृत्ती देत नसत, हे विशेष. क्विनिपियाकचे दिवसही फिरले: २०२३ च्या अंतिम सामन्यात जादा वेळ सुरू होऊन दहा सेकंद होतात न होतात तोच त्यांनी मिनेसोटावर निर्णायक गोल केला.

बरोबरी झाल्यास शूटआउट नसतो. वीस-वीस मिनिटांची जादा सत्रे खेळायची, पहिला गोल करील तो जिंकला. २०२१ मध्ये फार्गो येथे मिनेसोटा-डुलुथ २–० ने पुढे होते. नॉर्थ डकोटाने गोलरक्षक बाहेर काढून जादा आक्रमक उतरवला आणि शेवटच्या दोन मिनिटांत दोन गोल फेडले. मग एकेक सत्र कोरेच जात राहिले. अखेर पाचव्या जादा सत्रात डुलुथने सामना मारला. १४२ मिनिटे १३ सेकंदांचा हा सामना स्पर्धेतील सर्वांत लांबलेला होय.

अर्थात जुनी घराणीही टिकून आहेत. डेन्व्हर विद्यापीठाने २०२४ मध्ये दहावे विजेतेपद मिळवून नऊ विजेतेपदांच्या मिशिगनला मागे टाकले. २०२५ चे विजेते वेस्टर्न मिशिगन मात्र प्रथमच फ्रोझन फोरमध्ये पोहोचले होते.

कॅनडातील मेजर ज्युनियर लीगमध्ये, म्हणजे तरुण खेळाडूंच्या वरच्या दर्जाच्या स्पर्धेत, खेळलेल्यांना ‘व्यावसायिक’ ठरवून एनसीएए पूर्वी दारातच अडवत असे. ऑगस्ट २०२५ पासून ही बंदी उठली आहे. तिकडचे तयार खेळाडू मोठी विद्यापीठे उचलणार हे उघडच आहे. युनियनसारख्या छोट्या कॉलेजांची वाट त्यामुळे बिकट होण्याचा संभव आहे.